नसलेल्या तटाच्या कडेकडेनं

मुंबईचा फोर्ट पायी बघायचा असेल तर गेटवेपासून सुरुवात करू नका. बहुतेक पाहुणे तेच करतात. टॅक्सीवाल्याला ‘गेटवे’ सांगायचं, कबुतरांत उभं राहून फोटो काढायचा, ताजकडे बोट दाखवायचं आणि ऊन चढल्यावर ‘आता काय?’ म्हणून एकमेकांकडे बघायचं. गेटवे बांधून पूर्ण झाला १९२४ साली. इंग्रजांना गाशा गुंडाळायला तेव्हा पंचवीस वर्षंही उरली नव्हती. या बंदराच्या गोष्टीत तो अगदी शेवटच्या प्रकरणात येतो, आणि तुमच्या फेरीतही त्यानं शेवटीच यावं.

मी सुचवते तो रस्ता उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अपोलो बंदरापर्यंत. वळणं आणि गल्ल्या धरून साधारण चार किलोमीटर. घाई न करता, चहा-नाश्ता धरून अर्धा दिवस जातो. या रस्त्याला एक सूत्र आहे: आज जागेवर नसलेल्या एका भिंतीच्या सोबतीनं चालायचं.

फोर्टाभोवती खरोखरचा तट होता, हे चर्चगेटला रोज गाडीतून उतरणाऱ्यांच्याही ध्यानात नसतं. तो उभा राहिला १७१५ नंतर, गव्हर्नर चार्ल्स बून याच्या कारकिर्दीत. उत्तरेला बाजार गेट, पश्चिमेला चर्च गेट, दक्षिणेला अपोलो गेट असे तीन दरवाजे, आणि पूर्वेला बंदर. बूनला तटाची निकड का वाटली असेल हे मराठी वाचकाला सांगायला नको. समोरच्या समुद्रावर कान्होजी आंग्रे होते. बूननं विजयदुर्गावर आरमार पाठवलं, खांदेरीवर पाठवलं. दोन्ही मोहिमा फसल्या. पुढे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा मुंबईच्या व्यापाऱ्यांचं धाबं दणाणलं. त्यांनी तीस हजार रुपये वर्गणी काढली आणि तटाबाहेर खंदक खोदण्याचं काम सुरू झालं. मराठ्यांची स्वारी या किल्ल्यावर कधी आलीच नाही. खंदक मात्र शंभरेक वर्षं शहराची घाण साठवत राहिला.

१८१८मध्ये पेशवाई संपल्यावर या तटाला लष्करी अर्थ उरला नव्हता. आत दाटी, रोगराई, आणि संध्याकाळी दरवाजे बंद झाले की बाहेरचे बाहेर आणि आतले आत. १८६२मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रिअर आला आणि त्यानं तट पाडायला घेतला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला तेव्हा सोन्याचा भाव होता, त्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेवर काय बांधायचं याची चिंता कुणाला नव्हती. नेमक्या याच वेळी, १८६३ साली, गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचें वर्णन’ प्रसिद्ध झालं. तट कोसळत असतानाचं शहर मराठीत लिहून ठेवलेलं हे पुस्तक फेरीच्या आधी चाळायला मिळालं तर फार उत्तम. नाही मिळालं तर निदान एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा फोर्टचा एखादा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. इंटरनेटवर ते सहज सापडतात. प्रत्येक थांब्यावर तो उघडून दोनच गोष्टी शोधायच्या: तट कुठे होता आणि समुद्र कुठे होता.

वार कुठला निवडायचा हा खरा पेच आहे. रविवारी सकाळी रस्ते रिकामे असतात, मान वर करून इमारती बघता येतात, मुलं सोबत असली तरी जीव टांगणीला लागत नाही. पण एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय बंद, आणि ज्या पेढ्या-बाजारांमुळे फोर्ट फोर्ट आहे तेही शटर ओढून झोपलेले. माझं मत विचाराल तर शनिवार. कचेऱ्यांची गर्दी कमी, दुकानं उघडी. सकाळी साडेआठला निघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चालण्याजोगी असते. ऑक्टोबर आणि मे टाळा. पावसाळ्याला मात्र उगाच नावं ठेवू नका, कारण इथल्या जुन्या रस्त्यांना कमानींखालचे छतवाले फूटपाथ आहेत. डी. एन. रोडवरून धुवांधार पावसात अर्धा मैल जवळजवळ कोरडं चालता येतं. सरकारी ओळखपत्र जवळ ठेवा, काही ठिकाणी दारावर मागतात. आणि चपलेऐवजी बूट घाला, फूटपाथच्या लाद्यांचा भरवसा नाही.

टर्मिनसच्या समोर, महापालिकेच्या बाजूला उभे राहा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचं हे स्थानक १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत बांधलं गेलं, आणि समोरची महापालिकेची इमारतही त्याचीच, १८९३ची. स्थानकाच्या फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला वाघ आहे: सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. भिंतींवरची पानं-फुलं, माकडं, पक्षी हे काम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलेलं. इथे दिवसभर थांबता येईल, पण थांबू नका. ही इमारत तटाच्या बाहेरची आहे. तट पडल्यावरच तिला जागा मिळाली. तिच्या आधी इथे बोरीबंदरचं साधं लाकडी स्थानक होतं, जिथून १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला पहिली गाडी सुटली. बोरीबंदर या नावातलं बंदर खरं होतं. पाणी इथवर होतं.

आता जनरल पोस्ट ऑफिसला डावीकडे ठेवत पूर्वेला चला. जॉन बेगनं बांधलेल्या या इमारतीचा घुमट बघून विजापूर आठवलं तर ते बरोबरच आहे, प्रेरणा गोलघुमटाचीच आहे. १९१३मध्ये ती पूर्ण झाली. आत जाऊन मधल्या दालनात वर बघा आणि एखादं पोस्टकार्ड स्वतःच्याच पत्त्यावर टाका. मुलांना मौज वाटते.

पुढे पी. डी’मेलो रोडला लागून डावीकडे वळलात की सेंट जॉर्जेस हॉस्पिटल. या फेरीत एकच जागा मी हट्टानं दाखवेन, ती ही. इथे डोंगरीची टेकडी होती. १६८९-९०मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीनं मुंबईला वेढा घातला तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारला किल्ल्यात कोंडून बसावं लागलं होतं. तटाशेजारी शत्रूच्या हाती पडू शकेल अशी उंच जागा असणं किती महागात पडतं, हे कंपनी त्यानंतर विसरली नाही. शेवटी टेकडीच सपाट केली आणि १७६९मध्ये तिथे फोर्ट जॉर्ज बांधला. तटाबरोबर तोही पाडला गेला, पण त्याचा एक तुकडा हॉस्पिटलच्या आवारात अजून उभा आहे. काळ्या दगडाची जाड भिंत, बसकी, रुंद. राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाचं कार्यालय तिथेच आहे, म्हणजे किल्ल्याचे राखणदार किल्ल्याच्याच अवशेषात बसतात. हे हॉस्पिटल आहे याचं भान ठेवून, गलका न करता जा, भिंतीला हात लावा आणि मग पाठ फिरवून पूर्वेकडे बघा. समोर वाहतुकीनं भरलेला रस्ता, त्यापलीकडे गोदीची कुंपणं. पूर्वी इथे मोदी बे नावाचा उपसागर होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो भरून काढला गेला. किल्ला समुद्राकाठी होता; समुद्रच उठून लांब गेला.

आल्या वाटेनं परत येऊन पोस्टासमोरच्या गल्लीत शिरा. पेरीन नरिमन स्ट्रीट, जुनं नाव बाजारगेट स्ट्रीट. आता तुम्ही तटाच्या आत आलात. दरवाजा गेला, नाव राहिलं, आणि बाजारही राहिला. तोंडाशीच पंचम पुरीवाला आहे, तिथे पुरी-भाजी खाऊन घ्या. वडापावच हवा असेल तर टर्मिनससमोर आराम आहे. गाडीतून उतरून उपाशीपोटी चाललेल्या माणसाला इतिहास दिसत नाही.

जुन्या फोर्टात दोन गावं होती. सेंट थॉमस चर्चच्या रस्त्याच्या उत्तरेला पारशी, गुजराती बनिये, बोहरे अशा देशी व्यापाऱ्यांची वस्ती. दक्षिणेला गोऱ्यांची घरं आणि कचेऱ्या. तुम्ही चालताय ते उत्तरेचं गाव. रस्ते अरुंद, खाली दुकान आणि वर घर. फेब्रुवारी १८०३मध्ये लागलेल्या आगीत या भागाचा मोठा हिस्सा जळून गेला. त्यानंतर सरकारनं तटाबाहेरचं मैदान रिकामं ठेवण्याचा आग्रह आणखी ताणला आणि बेघर झालेल्यांना मैदानापलीकडे जागा दिल्या. काळबादेवी, भुलेश्वरकडची गजबज वाढली त्यामागे ही आग आहे. या मैदानाचे उरलेले तुकडे म्हणजे आजची आझाद, क्रॉस आणि ओव्हल मैदानं. मुंबईच्या मधोमध क्रिकेट खेळायला एवढी जागा कशी राहिली, याचं उत्तर तोफांच्या माऱ्यासाठी मोकळं ठेवलेलं अंगण हे आहे.

या वस्तीत १७३३ची माणेकजी सेठ अग्यारी आहे. पारशी नसलेल्यांना आत प्रवेश नसतो, पण दाराशी असलेले पंख असलेले, माणसाच्या तोंडाचे बैल रस्त्यावरून दिसतात. तेवढ्यावर समाधान माना, आणि दारात उभं राहून फोटोंचा सपाटा लावू नका. वाडिया क्लॉक टॉवर जवळच आहे, १८८२चा. त्याची डागडुजी झालेली आहे. तिथून मिंट रोडवर आलात की रतनसी मुळजी जेठांचं कारंजं लागतं. अकाली गेलेल्या मुलाच्या आठवणीसाठी बापानं बांधलेलं. आराखडा पुन्हा स्टीव्हन्सचाच. फोर्टात राज्यकर्त्यांची स्मारकं इतकी आहेत की एका कापूसव्यापाऱ्याचं हे दुःख त्यांत वेगळं उठून दिसतं.

मिंट रोडनं दक्षिणेला आलात की डावीकडे टांकसाळ, रिझर्व्ह बँक आणि सरळ पुढे हॉर्निमन सर्कल. टांकसाळीचा, बँकेचा किंवा पुढे येणाऱ्या नौदलाच्या फाटकांचा फोटो काढू नका. पहारेकरी हटकतो, आणि त्याचं बरोबर असतं.

हॉर्निमन सर्कलच्या बागेत एखादं बाकडं पकडा आणि निवांत बसा. ही जागा म्हणजे जुन्या मुंबईचं अंगण, बॉम्बे ग्रीन. इथे कापसाच्या गाठींचे डोंगर रचलेले असत. १८४४मध्ये कापसाचा बाजार कुलाब्याला हलवला. नंतर या उकिरड्यासारख्या झालेल्या मैदानाभोवती एकसारख्या कमानीदार इमारतींचं कडं उभारावं ही कल्पना पोलीस कमिशनर चार्ल्स फोर्जेट याची. याच फोर्जेटनं १८५७च्या ऑक्टोबरात कट केल्याच्या आरोपावरून दोन शिपायांना तटाबाहेरच्या मैदानात तोफेच्या तोंडी दिलं होतं. हा चौक बांधला तेव्हा त्याला एल्फिन्स्टन सर्कल म्हणत. आजचं नाव बेंजामिन हॉर्निमनचं, ‘बॉम्बे क्रॉनिकल’च्या इंग्रज संपादकाचं. जालियनवाला बागेच्या बातम्या बाहेर आणल्या म्हणून सरकारनं त्याला १९१९मध्ये हद्दपार केलं. गव्हर्नरचं नाव काढून संपादकाचं द्यावं, असं भाग्य फार थोड्या चौकांना लाभतं. बागेजवळची लाल इमारत ‘मुंबई समाचार’ची. १८२२पासून निघणारं हे गुजराती पत्र अजून चालू आहे.

पूर्वेला तीस पायऱ्यांवर उभा असलेला पांढरा टाऊन हॉल, म्हणजे एशियाटिक. पाया घालण्यापूर्वी आणि नंतरही त्याचं घोंगडं पैशासाठी वर्षानुवर्षं भिजत पडलं. लॉटरी काढून पैसा उभारण्याचाही घाट घातला गेला. कर्नल थॉमस कूपरच्या आराखड्यानुसार तो १८३३मध्ये पुरा झाला. १८५८च्या १ नोव्हेंबरला कंपनीचं राज्य संपून राणीचं सुरू झाल्याचा जाहीरनामा इथेच वाचला गेला. पायऱ्यांवर बसून वडापाव खाणारी मंडळी आता त्याच जागी असतात, आणि मला ते आवडतं. ग्रंथालय उघडं असेल तर ओळखपत्र दाखवून आत जा, आवाज न करता पुतळे बघा. नाना शंकरशेट इथे भेटतात. या संस्थेच्या कामात बाळशास्त्री जांभेकरांसारख्या मराठी विद्वानांनी ताम्रपट-शिलालेख वाचून घातलेली भर तिथे पुतळा नसला तरी आठवावी.

टाऊन हॉलच्या मागे किल्ल्याचं खरं बीज आहे, आणि तिथे तुम्हाला जाता येणार नाही. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा वाडा इथे होता. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३मध्ये गोव्यात छापलं गेलं. १६६१च्या विवाहकरारात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबई इंग्लंडच्या राजाकडे आली, आणि १६६८मध्ये त्यानं ती वर्षाला दहा पौंड भाड्यानं कंपनीला देऊन टाकली. कंपनीनं वाड्याभोवती बॉम्बे कॅसल उभारला. आज तो नौदलाच्या ताब्यात आहे, आणि त्या तळाचं नाव आहे ‘आय. एन. एस. आंग्रे’. इंग्रजांनी ज्याला आयुष्यभर चाचा म्हटलं, त्याचं नाव त्यांच्या मुंबईतल्या पहिल्या किल्ल्यावर लागलं. या फेरीत मनापासून हसावं अशी जागा ही एकच.

इथून दोन वाटा फुटतात. भूक लागली असेल तर ईशान्येला आठ-दहा मिनिटांवर बॅलार्ड इस्टेट. पहिल्या महायुद्धाच्या काळात पोर्ट ट्रस्टनं भराव टाकून केलेली, जॉर्ज विटेटनं आखलेली वसाहत. रुंद, सावलीचे, एकसारखे रस्ते. मुंबईत असल्याचा क्षणभर विसर पडतो. १९२३पासूनचं ब्रिटानिया तिथे आहे, बेरी पुलाव प्रसिद्ध. ते दुपारपुरतंच उघडं असतं आणि रांग लागते, म्हणून बाराच्या आत पोहोचा. मासे खाणाऱ्यांना फोर्टाच्या गल्ल्यांत मंगळुरी खाणावळी आहेत. पाय बोलायला लागले असतील तर बॅलार्ड इस्टेट सोडून द्या. तिथे तटाशी संबंधित काही नाही.

दुसरी वाट सेंट थॉमस कॅथेड्रलची, हॉर्निमन सर्कलच्या पश्चिमेला लागूनच. गव्हर्नर जेराल्ड आंजिएच्या काळात, १६७६ साली पाया घातला; मग भिंती चाळीसेक वर्षं अर्धवट राहिल्या आणि १७१८च्या नाताळात ते उघडलं. चर्च गेट म्हणजे या चर्चकडे येणारा दरवाजा. आज त्या नावाचं स्थानक चर्चपासून इतकं लांब का, हे आता कळेल. आतल्या भिंती संगमरवरी स्मृतिलेखांनी भरल्या आहेत. गव्हर्नर जोनाथन डंकनचं मोठं स्मारक सगळे बघतात. त्यापेक्षा लहान पाट्यांकडे वळा. ऐन विशीत तापानं गेलेले लेफ्टनंट, बाळंतपणात गेलेल्या बायका, मुंबईच्या वाटेवर बोटीवरच मेलेली मुलं. वसाहतीची श्रीमंती बाहेरच्या इमारतींवर दिसते, किंमत या भिंतींवर. आणि ती किंमत इथे नाव कोरलेल्यांनीच तेवढी मोजली असं नाही, हेही लक्षात असू द्या. गोदीत आणि गाठींखाली मेलेल्या हमालांच्या पाट्या कुठेच नाहीत.

मुंबईतले मैल या चर्चपासून मोजले जात. तसे काळ्या दगडाचे मैलाचे दगड काळबादेवीपासून दादरपर्यंत काही ठिकाणी अजून रस्त्याच्या कडेला अर्धे पुरलेले दिसतात. तुमच्या घराकडच्या रस्त्यावर असा एखादा असेल तर त्याच्यावरचा आकडा इथपर्यंतचा आहे.

वीर नरिमन रोडनं पश्चिमेला पाच मिनिटं चाललात की हुतात्मा चौक. इथेच कुठेतरी चर्च गेट होतं. तट पाडल्यावर, १८६४मध्ये, फ्लोरा फाउंटन आलं: रिचर्ड नॉर्मन शॉचा आराखडा, जेम्स फोर्सिथचं शिल्प, इंग्लंडहून आणलेला पोर्टलंडचा दगड. खरं तर ते व्हिक्टोरिया गार्डनसाठी म्हणजे राणीच्या बागेसाठी होतं. फुलांची रोमन देवी बघून झाली की तिच्याकडे पाठ करा आणि मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराकडे तोंड करा. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक माणसं गेली, २१ नोव्हेंबर १९५५च्या गोळीबारात याच परिसरात रक्त सांडलं. १९६१मध्ये हे स्मारक उभं राहिलं. वाहतुकीच्या गराड्यामुळे लोक लांबून नमस्कार करून जातात. सिग्नल बघून जवळ जा, नावं वाचा. ही शहराची दुसरी वेस आहे, आणि ती कुणी पाडलेली नाही.

इथून तटाची ओळ साधारण महात्मा गांधी मार्गाच्या रोखानं दक्षिणेला जाते. उजव्या हाताला, पूर्वीच्या मैदानाच्या बाजूला, कापसाच्या पैशातून आणि नंतरच्या भरभराटीतून उभी राहिलेली सरकारी रांग आहे: हायकोर्ट, विद्यापीठ, जुनं सचिवालय. त्या इमारतींचं तोंड पश्चिमेला, ओव्हलकडे आहे, कारण तेव्हा ओव्हलपलीकडे रेल्वेचे रूळ आणि लगेच समुद्र होता. बोटीतून येणाऱ्याला ही रांग दिसावी हा हेतू. हायकोर्टाच्या इमारतीत १९०८मध्ये लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. त्या दालनाबाहेरच्या फलकावर त्यांचे तेव्हाचे शब्द कोरले आहेत. एरवी प्रवेश मिळत नाही. शनिवार-रविवारी पर्यटकांसाठी वारसा फेऱ्या निघतात, त्यांची चौकशी आधी करून ठेवा. राजाबाई टॉवर रस्त्यावरूनही छान दिसतो. प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावानं पैसे दिले, जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटनं मुंबईत पाऊल न टाकता लंडनहून नकाशे पाठवले, आणि १८७८मध्ये कुर्ल्याच्या दगडात २८० फुटी मनोरा उभा राहिला. त्याआधी, १८६५मध्ये, अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि खुद्द प्रेमचंदही बुडाले होते. मनोऱ्याचे पैसे मात्र त्याआधीच दिलेले होते.

काळा घोडा चौकात एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे वॉटसन्स हॉटेल, बाहेरूनच बघा. इंग्लंडमध्ये ओतलेलं लोखंड बोटीनं आणून इथे जोडलेली ही इमारत. ७ जुलै १८९६ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा इथे दाखवली गेली. शेजारचा बिनस्वाराचा घोडा २०१७चा. मूळचा घोडा आपल्या राजपुत्रासकट १९६५पासून राणीच्या बागेत आहे. संग्रहालय, जहांगीर आर्ट गॅलरी, डेव्हिड ससून ग्रंथालय ही सगळी इथेच, पण आज संग्रहालयात शिरू नका. त्याला स्वतंत्र दिवस द्या. स्वच्छतागृह आणि चहा यासाठी थांबायचं असेल तर हा टप्पा योग्य.

जहांगीरसमोरून पूर्वेला जाणारा के. दुभाष मार्ग पकडा. जुनं नाव रॅम्पार्ट रो: तटाची ओळ. सकाळपासून ज्याला शोधत होतात त्याच्या अंगावरून तुम्ही आता चालत आहात. टोकाला नौदल गोदीचं लायन गेट, आणि आसपास कुठेतरी अपोलो गेट होतं. फाटकाआड १७३६मध्ये सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्यानं मलबारी सागवानाची जहाजं बांधली. १८१७मध्ये इथून पाण्यात सोडलेलं ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगतं आहे. इथल्या भिंतीला बाहेरूनच दाद द्यायची. फोर्टात आज दिसणारी सगळ्यात लांब भिंत हीच.

उजवीकडे वळून रीगल सिनेमापर्यंत या, मग डावीकडे अपोलो बंदर. आता गेटवे. विटेटचं काम, पिवळसर बेसाल्ट, सव्वीस मीटर उंच. पाचवा जॉर्ज १९११मध्ये उतरला तेव्हा ही कमान नव्हतीच. तात्पुरती पुठ्ठ्याची उभारली होती. २८ फेब्रुवारी १९४८ला शेवटची इंग्रज पलटण मात्र या खऱ्या कमानीतून गेली. समोर अश्वारूढ शिवाजी महाराज आहेत, १९६१पासून; त्याआधी त्या बाजूला जॉर्जचा पुतळा होता.

अंगात त्राण असेल तर बंदरात अर्धा-पाऊण तास फिरवून आणणाऱ्या लाँचचं तिकीट काढा. घारापुरीसाठी आता उशीर झालेला असतो, आणि तिथली लेणी सोमवारी बंद असतात. तो बेत वेगळ्या सकाळी. पावसाळ्यात लाँच हवामानावर अवलंबून, म्हणून खिडकीवर विचारूनच पुढचं ठरवा. लाँचमध्ये डावीकडची जागा पकडा, आणि गेटवेऐवजी उत्तरेला गोदीच्या दिशेनं बघा. दोनशे वर्षांपूर्वी बोटीनं मुंबईला येणारा प्रत्येक जण हाच काठ बघत होता. परतताना हुतात्मा चौकाच्या मेट्रो स्थानकापर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं. पाय थकले असतील तर रीगलपासून टर्मिनसला किंवा चर्चगेटला टॅक्सी करा. ओव्हलच्या पश्चिमेच्या आर्ट डेको इमारती आज बघितल्या नाहीत म्हणून हळहळू नका. त्या भरावावरच्या, १९३०च्या पुढच्या मुंबईच्या आहेत; त्यांच्यासाठी एखाद्या संध्याकाळी चार वाजता चर्चगेटला उतरा.